सगळ्यांना गिगाबिट द्यायचं, की फक्त डिझाइनवाल्यांना?

वाचकाचं पत्र

नमस्कार. नाशिकमध्ये आमची स्ट्रक्चरल डिझाइन आणि सर्व्हेची कन्सल्टन्सी आहे. दोन मजले, ४६ माणसं. मी प्रशासन बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण नेटवर्कची प्रत्येक तक्रार शेवटी माझ्याच टेबलावर येते. गेले सहा महिने 'नेट स्लो आहे' हे वाक्य रोज ऐकते आहे. व्हेंडरने कोटेशन दिलंय. त्यात सगळ्या ४६ जणांना १०० एमबीपीएसवरून (सेकंदाला १०० मेगाबिट) गिगाबिट, म्हणजे दसपट वेग, त्यासाठी नवे स्विच (टेबलांच्या केबली जिथे येऊन जोडतात ते डबे), पूर्ण ऑफिसला नवी कॅट ६ प्रतीची नेटवर्क केबल आणि इंटरनेटची लाइन १०० वरून ५०० एमबीपीएस असं सगळं आहे. एकूण साडेचार लाख, जीएसटी वेगळा. त्यातले पावणेतीन लाख नुसत्या केबलिंगचे. फाइल सर्व्हर म्हणजे वरच्या मजल्यावरचा सात वर्षं जुना कॉम्प्युटर, त्यात एकच मोठी हार्ड डिस्क. अकाउंट्सचं टॅलीही त्याच्यावरच. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक टेबलावर आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या केबलीवर चालणारे फोन बसवले. आमचे सर म्हणतात, डिझाइनच्या सात जणांनाच स्पीड द्या, बाकीच्यांना काय करायचंय? हे कानावर गेल्यापासून अकाउंट्सचे काका माझ्याशी धड बोलत नाहीत. 'आम्ही काय फुकट बसतो का?' असं त्यांनी तोंडावर विचारलं. सगळ्यांना द्यावं, काहींना द्यावं, की थांबावं? पंधरा दिवसांत सरांना उत्तर द्यायचंय.

उत्तर

ताई, नमस्कार.

मुदत कमी आहे, म्हणून निर्णय आधी सांगतो, कारणं मागून. स्विच घ्याल ते सगळ्यांसाठी गिगाबिटचेच घ्या, सात जणांची वेगळी चूल मांडू नका. पूर्ण ऑफिसची केबल बदलायला मात्र आत्ता होकार देऊ नका. इंटरनेटची लाइन महिनाभर आहे तशीच राहू द्या. आणि या सगळ्याच्या आधी त्या सात वर्षं जुन्या सर्व्हरकडे बघा. कोटेशनमध्ये त्याचं नावही नाही, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तेच वाक्य.

'नेट स्लो आहे' या तीन शब्दांत दोन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक ऑफिसच्या आतल्या नेटवर्कची, म्हणजे टेबलापासून स्विचपर्यंत आणि तिथून सर्व्हरपर्यंतच्या वाटेची. दुसरी बाहेर जाणाऱ्या इंटरनेटच्या लाइनची. डिझाइनची मुलगी सर्व्हरवरून ड्रॉइंग उघडते तेव्हा ते ड्रॉइंग इमारतीच्या बाहेर पाऊलही टाकत नाही. लाइन ५०० ची करा नाहीतर १००० ची, तिचं ड्रॉइंग आज जेवढा वेळ घेतं तेवढाच वेळ घेणार. याच्या उलट मेल, व्हिडिओ मीटिंग, रिटर्न भरायचं पोर्टल ही बाहेरची कामं. तिथे टेबलापर्यंत गिगाबिट आणून ठेवलं तरी पुढची लाइन १०० चीच आहे, फरक पडणार नाही. तुमच्या कोटेशनने या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. व्हेंडर फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला कोणी 'नक्की कुठे थांबावं लागतं' हे सांगितलंच नसेल, तर तो बिचारा सगळंच बदलायचा भाव देणार.

म्हणून उद्या सकाळी एक वही आणा. चार रकाने आखा : किती वाजता, कोण, काय करत होतं, किती वेळ थांबावं लागलं. ती सगळ्यांना सहज हाताशी येईल अशी ठेवा आणि सांगा की यात 'स्लो' हा शब्द लिहायचा नाही. 'गंगापूर रोडच्या साइटचं ड्रॉइंग उघडायला ४० सेकंद' असं लिहायचं. आठ दिवस पुरे. मी ज्या ज्या ऑफिसात अशी वही ठेवायला लावली, तिथे तक्रारी दिवसभर सारख्या पसरलेल्या कधीच दिसल्या नाहीत. त्यांचे ठरावीक तास असतात, ठरावीक टेबलं असतात, आणि ते तास नि ती टेबलं बघूनच अर्धं निदान होतं.

वही भरते आहे तोवर तुम्ही स्वतः एक चाचणी करा. याला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. सर्व्हरवर एक साधारण एक जीबीची एकच मोठी फाइल ठेवा. झिप केलेली असली तरी चालेल, पण फोल्डर नको, एकच फाइल हवी. डिझाइनच्या एखाद्या कॉम्प्युटरवर बसा आणि ती फाइल सर्व्हरवरून डेस्कटॉपवर ओढा. कॉपीची खिडकी उघडेल, त्यात 'मोर डिटेल्स'वर क्लिक करा. हिरवा आलेख दिसेल आणि शेजारी सेकंदाला किती एमबी ते येईल. हा आकडा अकराच्या आसपास येऊन तिथेच सपाट रेघ मारून बसला, तर समजा की वाट १०० एमबीपीएसची आहे आणि ती काठोकाठ भरली आहे. १०० एमबीपीएसमधला तो 'बी' बिटचा, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. त्यातले थोडे वाटखर्चात जातात, हातात पडतात साधारण अकरा. अशा ठिकाणी गिगाबिट दिलं की तोच आकडा एकशे दहाच्या घरात जायला हवा.

पण आकडा अकरापर्यंत पोचलाच नाही, तीन-चारवर अडखळत राहिला, आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली झाला, तर अडचण वाटेच्या रुंदीची नाही. मग केबल खराब आहे, किंवा सर्व्हरची डिस्क दमली आहे, किंवा कोणीतरी कधीतरी नेटवर्क कार्डच्या सेटिंगमध्ये वेग हाताने पक्का करून ठेवला आहे. या शेवटच्या कारणाने मी चांगल्या चांगल्या लोकांना दोन-दोन महिने हैराण झालेलं पाहिलंय. एका टोकाला '१०० फुल डुप्लेक्स' असं बांधून ठेवलं आणि दुसरं टोक 'ऑटो'वर राहिलं, की ऑटोवालं टोक स्वतःला हाफ डुप्लेक्स समजतं, म्हणजे एका वेळी एकतर बोलायचं नाहीतर ऐकायचं. दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत राहतात, वेग पार तळाला जातो, आणि वरवर सगळं जोडलेलं दिसतं. त्या कॉम्प्युटरला नवाकोरा गिगाबिट स्विच दिलात तरी तो सुधारणार नाही, कारण सेटिंग तेच राहणार. ते ऑटोवर करायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

ही चाचणी डिझाइनकडे, अकाउंट्सकडे, सर्व्हेकडे आणि खालच्या मजल्यावर एका ठिकाणी अशी चार जागी करा. प्रत्येक ठिकाणी दोनदा : एकदा सकाळी कोणी यायच्या आत आणि एकदा साडेअकराला.

आता सरांचा मुद्दा. त्यांचं म्हणणं सरसकट चुकीचं नाही, हिशेबाने बघू. समजा डिझाइनचं एक मॉडेल २०० एमबीचं आहे आणि एक माणूस दिवसात अशा फाइली वीस वेळा उघडतो. अकराच्या वेगाने एक फाइल यायला १८ सेकंद, एकशे दहाच्या वेगाने दोन सेकंदांच्या आत. दर वेळी १६ सेकंद वाचले, दिवसाला साधारण सव्वापाच मिनिटं, सात जणांची मिळून ३७. तेवढ्याच वेळा सेव्हही करत असतील तर एकूण सव्वा तासाच्या घरात. सव्वा तास ऐकायला फार मोठा वाटत नाही, पण सोळा सेकंद थांबलेला माणूस सोळा सेकंदांनी परत कामाला लागत नाही, तो मोबाइल हातात घेतो. सर्व्हेची मंडळी ड्रोनचे आठ जीबी फोटो घेऊन साइटवरून आली, तर ते सर्व्हरवर चढवायला आज सव्वाबारा मिनिटं लागत असतील, उद्या सव्वा मिनिट. आणि ज्याचं काम दोन एमबीची पीडीएफ मेल करायचं आहे, त्याला फरक कळणारही नाही. इथपर्यंत सरांचं बरोबर.

मग सगळ्यांना का द्या म्हणतो? कारण खर्च माणसांच्या मोजणीने वाढत नाही. तुमच्याच कोटेशनमध्ये बघा, साडेचार लाखांत जड काय आहे? केबल. २४ पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या २४ जागांचा, गिगाबिट स्विच घेतला की चोवीसच्या चोवीस पोर्ट गिगाबिटचेच येतात. सात जणांना गिगाबिट आणि एकोणचाळीस जणांना जुनंच ठेवायचं, तर जुने स्विच तसेच चालू ठेवावे लागतील, रॅकमध्ये, म्हणजे स्विचच्या कपाटात, दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदतील, आणि उद्या डिझाइनमधला कोणी जागा बदलून खिडकीशी बसला की त्याचा पोर्ट शोधत कोणीतरी शिडीवर चढेल. एवढं करून वाचणार किती? एखादा स्विच. माणसात भेद करायला ही रक्कम फारच थोडी आहे.

पण थांबा, इथे एक खड्डा आहे, आणि या विषयातला सगळ्यात कमी बोलला जाणारा खड्डा तोच आहे.

आज प्रत्येक जण १०० च्या पोर्टवर आहे. म्हणजे कोणीही एकटा माणूस सर्व्हरकडून सेकंदाला अकरा एमबीपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. सर्व्हेच्या मुलाने आठ जीबी कॉपीला लावले तरी तो अकराच घेतो, सर्व्हर स्वतः गिगाबिटच्या पोर्टवर असेल तर बाकीच्यांना वाट राहते. हळू पोर्ट नकळत शिस्त लावत असतो. सगळ्यांना एकदम गिगाबिट दिलंत की ही शिस्त गेली. आता तो एकटा मुलगा सव्वा मिनिट सर्व्हरची पूर्ण केबल आणि पूर्ण डिस्क अडवून बसू शकतो. त्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं असं असतं की एकच मोठी फाइल सलग वाचायची तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देईल. पण चार जणांनी चार ठिकाणचं मागितलं की आतला वाचणारा काटा इकडून तिकडे धावत सुटतो, आणि मिळून चौघांना मिळतं त्याच्या एखाद्या तुकड्याएवढं. टॅलीसारखी छोट्या छोट्या तुकड्यांत वाचणारी, लिहिणारी कामं तर तिथे अक्षरशः ताटकळतात. गिगाबिट केल्यावर पहिल्याच आठवड्यात 'आधी बरं होतं' असं ऐकू येतं ते यामुळे. मी हे एका ऑफिसात प्रत्यक्ष भोगलंय. स्विच बदलून झाले, पैसे देऊन झाले, आणि सोमवारी साडेअकराला अकाउंट्सच्या मॅडम येऊन शांतपणे म्हणाल्या, 'तुम्ही काय केलंत?' त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हरमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. साधी साटा जोडणीची एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास देते, आणि तिच्यात धावणारा काटाच नसल्यामुळे दहा जणांनी दहा ठिकाणचं मागितलं तरी ती गडबडत नाही. साडेचार लाखांच्या तुलनेत हा खर्च किरकोळ. एकाऐवजी दोन घ्या आणि एकीची नक्कल दुसरीवर आपोआप राहील अशी जोडून घ्या. बॅकअप मात्र त्याखेरीज वेगळा हवाच, कारण फाइल चुकून पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. सात वर्षं चाललेल्या एकुलत्या एका हार्ड डिस्कवर ४६ माणसांचं काम ठेवणं, ही गोष्ट वेगाच्या प्रश्नाआधीच माझ्या जिवाला लागली. आजच संध्याकाळी बॅकअप कुठे जातो, आणि तो कोणी कधी परत उघडून पाहिलाय का, एवढं विचारून घ्या.

आणखी एक फुकटातली गोष्ट. १०० च्या जुन्या २४ पोर्टच्या पुष्कळ स्विचना कडेला दोन वेगळे पोर्ट असतात, ते गिगाबिटचे असतात. तुमच्या सर्व्हरची केबल तिथे आहे की बाकीच्यांसारखीच साध्या पोर्टवर आहे, ते पाहून घ्या. साध्या पोर्टवर असेल, तर आज ४६ जण मिळून त्या एका अकरात वाटून खात आहेत. सर्व्हरला गिगाबिट कार्ड असेल, आणि सात वर्षांपूर्वीच्या यंत्राला ते बहुधा असतंच, तर ती केबल फक्त कडेच्या पोर्टवर सरकवा. तीस सेकंदांचं काम. दोन मजल्यांना जोडणाऱ्या केबलचंही तेच. खालच्या मजल्यावरचे वीस-पंचवीस लोक एकाच १०० च्या केबलीतून वर येत असतील, तर त्यांच्या टेबलावर काहीही आणून दिलंत तरी जिन्यात गर्दी राहणारच.

आता पावणेतीन लाखांची केबल. तांब्याच्या तारेवरून गिगाबिट चालवायचं मानक १९९९ सालचं आहे आणि ते त्या वेळच्या कॅट ५ केबलवर, १०० मीटरपर्यंत चालावं असंच बेतलेलं होतं. कॅट ५ई तर त्याला सहज पुरते. तुमच्या केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, रॅकजवळ जाऊन मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' दिसलं तर सगळी उपटायचं कारण नाही. कॅट ६ वाईट नाही. पुढे कधी १० गिगाबिट लागलं तर ती साधारण ५५ मीटरपर्यंत तेही नेते. पण स्ट्रक्चरल डिझाइनच्या सात टेबलांना आज त्याची गरज मला दिसत नाही.

सगळी केबल जशीच्या तशी चालेल असंही नाही. १०० च्या वेगाला केबलीतल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे एखादी जोडी तुटलेली असेल, आयओ बॉक्समध्ये (टेबलाजवळच्या नेटवर्कच्या सॉकेटमध्ये) नीट दाबली गेली नसेल, किंवा कोणी जुगाड करून एकाच केबलीतून दोन कॉम्प्युटर काढले असतील, तर आजवर काहीच जाणवलं नसेल. गिगाबिट स्विच लावला की मात्र तेवढे टेबल १०० वरच अडकतील. व्हेंडरला म्हणा, आधी टेस्टर लावून एकेक केबल तपास आणि कागदावर लिहून दे. ज्या नापास होतील त्यांचे आयओ आणि क्रिंपिंग (केबलच्या टोकाला पिन बसवणं) पुन्हा कर, तरीही नापास झाल्या तर तेवढ्याच बदल. बहुतेक दोष टोकालाच सापडतात. तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडून ठेवलेला असतो, किंवा केसिंग पट्टीत लाइटच्या वायरला चिकटून केबल नेलेली असते.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघा. रॅकमधला एखादा फालतू तुकडा घ्या, आतली एक बारीक तार सोला आणि ब्लेडने हलकेच खरवडा. तांबं असेल तर खरवडल्यावरही तांबूसच दिसेल. वरून तांबूस आणि आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. स्वस्त मिळते म्हणून बाजारात खूप खपते. वाकवली की तुटते, आणि आयपी फोनला केबलीतूनच वीज देत असाल तर तापते. ती निघाली तर माझं वरचं म्हणणं मागे घेतो. मग केबल बदला, आणि नवीन घेताना शुद्ध तांब्याची अशी अट कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आयपी फोनबद्दल तुम्ही सहज लिहिलंत, मी तिथे थांबलो. पुष्कळ ऑफिसांत भिंतीतून केबल फोनला येते आणि फोनच्या मागून दुसरी केबल कॉम्प्युटरला जाते, म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं नेटवर्क फोनच्या पोटातून जातं. स्वस्तातल्या बऱ्याच फोनांमधला तो पोर्ट १०० चाच असतो. मी एका ठिकाणी दोन दिवस केबल तपासत बसलो होतो. सगळ्या पास, स्विच नवा, आणि कॉम्प्युटर १०० च्या वर जायला तयार नाहीत. शेवटी टेबलाखाली वाकून पाहिलं तर वायर फोनमधून गेलेली. प्रत्येक टेबलाशी असंच. तुमचे फोन तीन वर्षांपूर्वीचे आहेत, मागे मॉडेल नंबर असेल, व्हेंडर दहा मिनिटांत सांगेल. १०० चे निघाले तर सगळे फोन बदलायचे नाहीत. डिझाइन आणि सर्व्हेच्या टेबलांना कॉम्प्युटरसाठी वेगळी केबल द्या, फोन वेगळ्या पोर्टवर घ्या. बाकीच्या टेबलांना फोनमधून चालू राहिलं तरी कामात फरक पडत नाही. फक्त हा फरक टेबलावर काय काम चालतं त्यावरून केलाय, हे लोकांना मोकळेपणाने सांगा.

विंडोजमध्ये प्रत्येक कॉम्प्युटर आपला वेग स्वतः सांगतो. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, आणि खाली 'लिंक स्पीड'. तिथे १०० दिसेल नाहीतर १०००. दोन दुपारी घालवून ४६ ची यादी करा. काम झाल्यावर हीच यादी पुन्हा भरा आणि ती भरल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका.

यादी करताना टेबलाखाली वाकाल, तेव्हा डबल टेपने चिकटवलेले पाच पोर्टचे छोटे स्विचही मोजा. जिथे माणसं वाढली आणि आयओ कमी पडले तिथे ते लागलेले असतात, धुळीत, गरम अडॅप्टरसकट. तेही १०० चे असतील तर मागचे सगळे १०० वर. आणि त्यांचा दुसरा धोका म्हणजे साफसफाई करताना कोणीतरी लोंबणारं टोक दिसलं म्हणून त्याच स्विचमध्ये परत खोचतं. दोन्ही टोकं एकाच ठिकाणी गेली की डेटा गोल गोल फिरायला लागतो आणि काही क्षणांत दोन्ही मजले बंद. यासाठी मधला मुख्य स्विच मॅनेज्ड घ्या, असा फेरा ओळखून तो पोर्ट बंद करणारा. सर्व्हरला दोन केबल मिळून देता येतात तेही त्याच्यावरच, म्हणजे एकाने एक वाट अडवली तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला दुसरी राहते. बाकीचे साधे चालतील.

इंटरनेटचं थोडक्यात. चांगल्या व्हिडिओ मीटिंगला एका माणसामागे तीन-चार एमबीपीएस पुरतात. एकाच वेळी दहा जण मीटिंगमध्ये असले तरी चाळीस. १०० ची लाइन तुम्हाला आकड्याने कमी नाही. मग मीटिंग का अडकते? माझा पहिला संशय अपलोडवर. ड्रोनचे फोटो क्लाउडवर चढत असतील, क्लायंटला ड्रॉइंग जात असतील, बॅकअप भर दुपारी चालू असेल, तर बाहेर जाणारी बाजू तुंबते. ती तुंबली की आत येणारंही मंदावतं, कारण 'मिळालं, पुढचं पाठव' ही पोचही त्याच बाजूने जायची असते. व्हेंडरच्या माणसाला पिंग लावून ठेवायला सांगा, म्हणजे बाहेर पाठवलेला छोटा संदेश परत यायला किती वेळ लागतो ते दिसेल. रिकाम्या वेळी दहा-वीस मिलिसेकंद येत असेल आणि अपलोड सुरू होताच दोनशे-तीनशेवर गेलं, तर औषध लाइन वाढवणं नव्हे. बॅकअप रात्री आठनंतर लावा, दिवसा त्याच्या वेगाला मर्यादा घाला, आणि राउटरमध्ये मीटिंग व फोनला अग्रक्रम द्या. लाइनवर पैसे खर्च करायचेच असतील तर ५०० ची एक करण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या बाजूने येणारी छोटी लाइन घ्या. रस्ता खोदताना फायबर तुटते तेव्हा ५०० काय आणि १०० काय. आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला पोर्टल अडकतं, त्या दिवशी गर्दी तिकडच्या टोकाला असते. तिथे तुमच्या लाइनचा काही इलाज चालत नाही, हे काकांनाही ठाऊक असेल.

वायफाय या सगळ्यात धरू नका, तो वेगळा विषय. टेबलावर बसून काम करणाऱ्याला केबलच द्या.

सरांना देताना कोटेशन चार भागांत फोडून द्या : सर्व्हरच्या एसएसडी आणि बॅकअप, स्विच, केबल तपासणी व लागेल तेवढी दुरुस्ती, आणि इंटरनेट. पहिल्या दोनांना आत्ताच मंजुरी मागा. तिसऱ्याची रक्कम टेस्टरच्या कागदावरून ठरेल असं लिहा. चौथ्यापुढे 'महिनाभराने' लिहा आणि वहीची पानं जोडा. साडेचार लाखांतले किती राहतील ते मी इथून सांगू शकत नाही, पण पावणेतीन लाखांची ओळ आज आहे तशी राहील असं मला वाटत नाही. एसएसडी आधी आणि स्विच त्याच्या पुढच्या शनिवारी करा, एकाच दिवशी नको. म्हणजे कशाने काय सुधारलं ते कळेल. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर लावून घ्या, पुढच्या वेळी शिडी लागणार नाही.

काकांचं राहिलं. ते फुकट बसत नाहीत. तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं की त्या जुन्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताटकळत असतील ते तेच, कारण टॅलीचं छोटं छोटं वाचन-लेखन तिच्यावर चालतं आणि वरून डिझाइनच्या मोठ्या फाइली तिलाच ओढतात. फाइल कॉपीची चाचणी त्यांच्या टेबलापासून सुरू करा आणि वहीतली पहिली नोंद त्यांच्याकडून लिहून घ्या. सरांना सांगताना 'एसएसडीचा फायदा आधी अकाउंट्सला' हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणा. आणि शनिवारी डिस्क बदलून झाली की सोमवारी सकाळी ते टॅली उघडतील तेव्हा त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहा.